डावी बाही

आईचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातले तीन दिवस इस्पितळाच्या त्या थंडगार हॉलमध्ये जाऊ लागले. धारगळहून तिला घेऊन निघायचं, तिच्याशेजारी बसायचं, संध्याकाळी घरी येऊन भात टाकायचा. शाळेच्या कचेरीतली माझी नोकरी रजेवर तग धरून होती. मी इतकी दमलेली असायचे की बसच्या खिडकीला डोकं टेकलं की डोळा लागायचा.

सलग चार तास पडून राहायचं असायचं. आई अर्ध्यातच कुरकुर सुरू करी. "सुयो काड म्हण गो तेंका. माका हींव भरता." मग कोणाचंच ऐकायची नाही. दोनदा तिनं हट्टानं मशीन बंद करायला लावलं. असंच चाललं तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं. जसं काही मीच तिला उठवत होते.

चादर घसरायची, शाल नळ्यांत अडकायची, जाडा स्वेटर तिला टोचायचा. म्हणून पुढून बटणांचं, हलकं, जाळीचं कार्डिगन विणायचं मी ठरवलं. त्याआधी मी साधा मफलरसुद्धा विणलेला नव्हता. अबोली रंगाची लोकर आणली आणि मोबाइलवर बघून शिकले. दोन टाके एकत्र विणायचे, त्या बदल्यात सुईवर एक मोकळा वेढा घ्यायचा. पुढच्या ओळीत त्या वेढ्याचं भोक होतं. मोबाइलमधल्या बाईची भोकं चांगली टपोरी दिसत. माझ्या भोकांतून मुंगीसुद्धा गेली नसती. तरी रेटून पुरं केलं.

उजवी बाही आईला ठीक बसली. डाव्या हातात सुया टोचतात. ती बाही चढवताना नर्सनं थांबवलं. "ह्या हाताला घट्ट काही चालणार नाही. रक्त अडेल." मला भयंकर राग आला. नर्सचा, लोकरीचा आणि आईचाही. बाही कापून टाकावीशी वाटली. पण तिथंच स्टुलावर बसून ती काढली, उसवली आणि पुन्हा विणायला घेतली. परत तेच. लक्ष हटलं की बोटं आपोआप धागा करकचून ओढत.

आई बघत होती. "तू वळेसर करतंस गो," ती म्हणाली.

खरंच की. देवळाच्या वाटेवर आई अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायची. केळीच्या ओल्या वाखात फुलं गुंफायला मला तिनंच शिकवलं होतं, आणि गाठ सैल राहिली की पाठीत धपाटा घालायची. फूल गळता कामा नये. माझी बोटं अजून तोच धपाटा चुकवत होती.

"हाड हांगा," म्हणून विणकाम मागत तिनं मोकळा उजवा हात पुढं केला आणि सुईवरच्या वेढ्यात करंगळी घातली. मी तिच्या बोटाभोवती लोकर घेतली, पुढचे टाके विणले, तेव्हा तिनं बोट काढलं. भोक मोकळं राहिलं. मग पुढचं. मी घाई केली की ती "राव गो" म्हणायची. अंगावर एका बाहीचं कार्डिगन, आणि थंडीचा शब्द नाही. मशीन वाजलं तेव्हा दोघींनीही दचकून वर पाहिलं. चार तास झाले होते.

बाही पुरी व्हायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत तिनं एकदाही मशीन बंद करायला लावलं नाही. शेवटी बाही जोडली. तिच्या हातावर ती छान सैल बसली. मला हायसं वाटलं. लोकरीचा आता वीट आला होता.

आईनं बटणं लावली, दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग उजवी बाही माझ्यापुढे केली.

"ही उसय आतां. घट जाता."

घट्ट नव्हती. मी पिशवीतून सुया काढल्या.