भीमण्णा आणि शाळेची बोर

कुठलंही झाड दिसलं की भीमण्णा आधी उकिडवा बसून त्याचा बुंधा बघायचा. "वर काय, समदीच हिरवी दिसत्यात," म्हणायचा. अक्कलकोटकडचा हा माणूस सोलापुरातल्या आमच्या शाळेत शिपाई होता आणि बागही सांभाळायचा. मी शेतीचा शिक्षक. कागदोपत्री बाग माझी; पाण्याचा नळ कुठे आहे, तेही मला त्यालाच विचारावं लागे.

आवारात एक बोर होती. फळं इतकी गोड, की तपासणीचे साहेब नेमके जानेवारीतच यायचे. तिच्या बुंध्याशी फुटवे दिसले आणि मला कल्पना सुचली: ते मुळासकट काढून पालकांना वाटायचे. भीमण्णानं खोडावरची गाठ दाखवली.

"सर, हितं डोळा भरून कलम केलंय. वरती गोड बोर, खाली रानबोर. खालची पोरं खालच्या आईवर जाणार की."

"भीमण्णा, पदवी कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडं हाय, सर," म्हणत त्यानं कुदळ उचलली.

वीस फुटवे वाटले. एक मी घरी नेला. भाषणही ठोकलं. तिसऱ्या वर्षी पालक वाटाण्याएवढी, तोंड वाकडं करणारी बोरं घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हणालो, "काढताना भीमण्णाची चूक झाली असेल."

भीमण्णानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं, बुंधा बघावा तसं. बाग त्याच्याकडून गेली. त्याला घंटेवर नेमलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी तेच पालक मला गोड बोरांच्या पिशव्या द्यायला लागले. आपलं शास्त्र जरा उशिरा फळलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि पिशव्या घेतल्या.

भीमण्णा गेला. त्याच्या मातीहून परतताना एक पालक म्हणाले, "सर, तुमचे उपकार. भीमण्णानं घरोघर येऊन आमच्या झाडांवर शाळेच्या बोरीचे डोळे भरले. 'सरांनी पाठवलंय' म्हणाला."

मी तिथेही मान डोलावली. मी पाठवलं नव्हतं.

खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं. एकदा ओल्या पोत्यात काड्या गुंडाळून तो माझ्याही फाटकाशी आला होता. "सर, तुमच्याबी झाडाला डोळा भरून देऊ?" मी म्हणालो, "आमचं झाड बरं आहे."

ते झाड अजून आहे. परवा एका पाहुण्यानं बोर तोंडात घातलं आणि थुंकून टाकलं. "शेतीच्या सरांच्या दारात रानबोर?"

"गावातली गोड बोरं भीमण्णाची," मी म्हणालो. "ही एवढीच माझी."