गाठी मारलेल्या काळ्या तारा

३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्यातील पंचविसावे राज्य झाले. त्याच दिवशी शिवदास या ड्रायव्हरांनी आपला खनिजाचा ट्रक पावसाळ्यासाठी डिचोलीजवळच्या आवारात उभा केला, असे त्यांच्या पत्नी कमलाक्षीबाई सांगतात. नेमक्या तारखेबद्दल मी साशंक आहे. माणसे घरच्या आठवणी मोठ्या दिवसांना टांगून ठेवतात. ट्रक मेअखेरीस उभा राहिला, एवढे मात्र त्याच आवारातले दुसरे ड्रायव्हर रामचंद्र यांनीही स्वतंत्रपणे सांगितले.

शिवदास मूळचे बांद्याचे, सिंधुदुर्गातले. लग्नानंतर ते धारगळला राहू लागले. ट्रक बाबुरावांचा होता. मालकाला तिकडे पात्रांव म्हणत, तसे शिवदासही म्हणत. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद असे आणि ट्रक चार महिने जागेवर उभे राहत. त्या वर्षी शिवदासांनी एक नवी काळजी घेतली. घरात काचेची बरणी पेंढ्यात ठेवतात तसे त्यांनी इंजिनाभोवती भाताचा सुका पेंढा दाबून भरला. ओल पेंढा पिईल, लोखंड कोरडे राहील, हा त्यांचा विचार होता. पेंढा नीट झोडलेला नव्हता. त्यात दाणे राहिले होते.

चतुर्थी उलटल्यावर बॉनेट उघडले तेव्हा पेंढ्याचा गोळा झाला होता आणि दिव्यांच्या, हॉर्नच्या, स्टार्टरच्या तारा जागोजाग सोललेल्या होत्या. उंदीर पळताना शिवदासांनी पाहिले. दुसऱ्या कोणी पाहिले नाही. शिवाय स्टार्टरची सुमारे दोन हात तार जागेवर नव्हतीच.

बाबुराव आले, वाकून बघितले आणि म्हणाले, “उंदीर वरचा रबर खातत, शिवदास. तांबा खातत?”

“तांबा खायत नाय, पात्रांव. पण पेंढो मीच घातलेलो.”

“म्हणजे आवतण तुझा आणि जेवण माझ्या गाडीचा.”

रामचंद्र बाजूलाच उभे होते. आपण तेव्हा काय बोललो ते त्यांनी मला जराही न लपवता सांगितले: “उंदीर बांद्याचो असतलो. हांगाच्यांक तांबा पचना.” आवारातले सगळे हसले. राज्य नवे होते. भाषेवरून आणि ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, कोण यावरून झालेली भांडणे अजून ताजी होती. अशा वेळी त्या विनोदाचा अर्थ चोर असाच होत होता. मोसम सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. तोवर ट्रक सुरू झाला नाही तर शिवदासांची सीट, म्हणजे ड्रायव्हरची नोकरी, जाणार होती. सुरू झाला तरी चोरीचा डाग राहणारच होता.

दुरुस्ती त्यांनी स्वतः केली. डिचोलीच्या दुकानात त्या आठवड्यात फक्त काळी तार शिल्लक होती. त्यांनी तीच आणली, सगळे वायरिंग त्याच एका रंगात भरले आणि सांध्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. तारा ओळखता याव्यात म्हणून कमलाक्षीबाईंनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा बांधून दिला: एका तारेला एक गाठ, दुसरीला दोन, याप्रमाणे सातपर्यंत. डॅशबोर्डखाली हात घातला की डोळ्यांचे काम बोटे करत. शेवटी तारांवर कडू करंजेल चोपडले. त्यानंतर उंदीर फिरकला नाही, असे कमलाक्षीबाई ठामपणे सांगतात. मात्र पेंढाही पुन्हा कधी घातला गेला नाही, त्यामुळे श्रेय तेलाला द्यावे असे मला वाटत नाही.

ट्रक सुरू झाला. बाबुराव खूश होतील असे शिवदासांना वाटले होते, पण ते झाले नाहीत. “सगळ्यो तारी काळ्यो,” ते म्हणाले. “गाठींचा हिशेब तुझ्या डोक्यात. उद्यां गाडी बंद पडली तर तुकाच बोलवूक जाय. बरी सोय केलीस.”

हा संशय पहिल्यापेक्षा बिकट होता. शिवदास गप्प राहिले असते तर त्या मोसमात त्यांच्यावाचून ट्रक हलला नसता. सीट पक्की झाली असती आणि आरोपही पक्का झाला असता. कमलाक्षीबाईंनी त्यांना गप्पच राहायला सांगितले होते. ही गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या भेटीत सांगितली, पहिल्या भेटीत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवदासांनी पांढरा ऑइल पेंट आणला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला सात ओळी लिहिल्या. बॉनेटचा तो पत्रा आज धारगळला त्यांच्या घरी सरपणावर झाकण म्हणून आहे. मी तो उलटून पाहिला, फोटो घेतले. अक्षर तिसरी शिकलेल्या माणसाचे, सावकाश काढलेले. ‘एक गाठ उजवा दिवा’ पासून ‘सात गाठी स्टार्टर’ पर्यंत पाच ओळी स्वच्छ वाचता येतात. मधल्या दोन गंजात गेल्या आहेत.

मग बाबुरावांनी परीक्षा घेतली. शिवदासांना फाटकापाशी उभे केले, एक सांधा स्वतः सोडवला आणि रामचंद्रांना म्हणाले, “वाच आणि लाव.” रामचंद्रांनी ओळी वाचल्या, गाठी चाचपल्या आणि हॉर्न वाजवून दाखवला. आता तो ट्रक कोणालाही चालवता आला असता.

“मी किल्ली घेऊन उभो होतंय,” रामचंद्र मला म्हणाले. “माका वाटला, गाडी माका मेळतली.”

बाबुरावांनी त्यांच्या हातातली किल्ली घेतली, फाटकापर्यंत चालत गेले आणि ती शिवदासांना दिली. एवढेच म्हणाले, “फुडल्या वर्सा पेंढो गोरवांक घाल.”

शिवदासांनी तो ट्रक आणखी सात मोसम चालवला. २००९ मध्ये ते वारले, बाबुराव त्यांच्याही आधी. या प्रसंगाचे लेखी साधन म्हणजे तो पत्रा. बाकी सगळे कमलाक्षीबाई आणि रामचंद्र या दोघांच्या आठवणींवर उभे आहे, आणि त्या दोघांपैकी एकाला ती सीट हवी होती. दोन हात तार कुठे गेली, हे कोणालाही ठाऊक नाही. बाबुरावांनी शिवदासांना निर्दोष मानले की केवळ कामाचा माणूस म्हणून ठेवले, हेही मला ठरवता आलेले नाही. कमलाक्षीबाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, घरात हा प्रश्न आपणही शिवदासांना एकदा विचारला होता, आणि शिवदासांना उत्तर माहीत नव्हते.