भूगोलाच्या बाई आणि तिसरा प्रश्न

२००३च्या जूनमध्ये आम्ही नाशिक सोडलं. त्या सकाळी नुकत्याच आठवीत गेलेल्या माझ्या सहा विद्यार्थिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "बाई, तिकडे तुम्ही कुठल्या वर्गाला शिकवणार?" मी "बघू" म्हणाले. नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्या बायकोला तिकडे नोकरी करता येत नाही, हे त्या मुलींना कसं सांगणार? गाडी सुरू झाली तेव्हा आई खिडकीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "काय असेल ते शिरीषला सांगत जा. मनात ठेवू नकोस. तिकडे तुझं दुसरं कोण आहे?"

मी तिचं ऐकलं. तुम्हा मागे राहिलेल्यांना आजवर सांगितलं नाही ते हेच.

शिरीषची नोकरी अमेरिकेत चँडलरला, कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत. आमची मुलगी मुक्ता सहा वर्षांची. शेजारी मारैके राहायची, हॉलंडहून आलेली. तिचं गाव समुद्रसपाटीच्या खाली, आणि ती येऊन राहिली ॲरिझोनाच्या वाळवंटात. समुद्र हटवून मिळवलेल्या डच जमिनीबद्दल मी अकरा वर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं, पण जिवंत डच माणूस पहिल्यांदाच बघत होते. कॉफीबरोबर ती एक बिस्कीट द्यायची आणि डब्याचं झाकण लावून टाकायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलं काही चुकलं का. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकाने मुलाचं, त्याच्या आजीचं आणि शेजारीण म्हणून माझंही अभिनंदन केलं. तिची मुलं सकाळी पावावर चॉकलेटचे दाणे पसरून खायची, आणि मी मुक्ताला हाताने वरणभात भरवते याचं मात्र तिला नवल वाटायचं.

पहिली वाईन मी तिच्याकडेच प्यायले. द्राक्षांच्या गावची असून कधी चाखली नव्हती. एक घोट घेतला आणि विचारलं, "थोडी साखर मिळेल?" ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले.

पण दुपारी घर खायला उठायचं. बेडरूमला लागून कपड्यांची एक छोटी खोली होती. तिथे हँगर लावता लावता एक दिवस माझ्या तोंडून निघालं, "मागच्या तासाला आपण कुठे थांबलो होतो?" आणि मी शिकवायला लागले. मोसमी वारे, दख्खनचं पठार, गोदावरीच्या उपनद्या. समोर शिरीषचे शर्ट टांगलेले. पाऊण तासाने भानावर आले तेव्हा घसा सुकला होता. मग ते रोजचंच झालं. वेड तर लागत नाहीये ना, अशी भीती वाटली, म्हणून एका संध्याकाळी शिरीषला सांगितलं. सांगताना रडले. त्याने पाठीवरून हात फिरवला, म्हणाला, "होईल गं सगळं ठीक." मारैकेला यातलं काही माहीत नव्हतं. आईलाही नाही.

दोन वर्षांनी मुक्ताच्या शाळेतल्या पालकांनी रविवारी दुपारी एका क्लबमध्ये निधीसाठी क्विझ ठेवलं, वाईनसकट. प्रश्न काढणारी आणि विचारणारी मारैके. भूगोल, वाईन, शाळा, मुलं वाढवणं, हॉलंड असे राउंड होते. पहिल्या राउंडला मी एकटीने आमचं टेबल पुढे नेलं. कितीतरी दिवसांनी लोक माझ्याकडे वळून उत्तर विचारत होते.

शेवटचा राउंड होता 'आपले शेजारी'. पहिला प्रश्न: आपल्यातल्या एका बाईंनी रेड वाईनमध्ये काय मागितलं? मी स्वतःच हात वर केला. हशा झाला, छान वाटलं. दुसरा: आठ वर्षांच्या मुलीला अजून कोण भरवतं? मी हसले, पण मुक्ताच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील समोर बसलेत हे लक्षात आलं.

तिसरा प्रश्न: आपल्या एक शेजारीणबाई दुपारी कपाटातल्या कपड्यांना एक विषय शिकवतात. कोणता?

सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "जिऑग्रफी." टाळ्या वाजल्या. शेजारची बाई माझा दंड दाबून म्हणाली, "दॅट्स सो क्यूट." मी शिरीषकडे बघितलं. तो हसत होता. मी बघतेय हे दिसल्यावर त्याने माझ्या दिशेने ग्लास उंचावला.

गाडीत मी विचारलं, "तू सांगितलंस?"

"अगं, मारैकेने ईमेल करून फनी किस्से मागितले होते. सगळ्यांना केवढी आवडलीस तू."

"मी रडत होते रे तेव्हा."

"इतकं सीरियसली नको घेऊस, यार. चांगलंच बोलले ना सगळे?"

त्याने रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी मारैके स्वतःच आली. बसलीही नाही, दारातच म्हणाली, "तुझा चेहरा बघितला मी काल. तुला चालेल असं तो म्हणाला होता. मी तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं." तिच्याशी पुन्हा मोकळं व्हायला मला सहा महिने लागले, पण झाले. शिरीषने माफी मागितली नाही, कारण चूक झाली हे त्याला आजही कळलेलं नाही. तो वाईट माणूस नाही. माझी बायको किती गमतीशीर आहे, एवढंच त्याला लोकांना दाखवायचं होतं. त्यानंतर त्या खोलीत मी फक्त कपडे ठेवले.

आता २००८ चाललंय. गेल्या वर्षी कामाचा परवाना आला, आणि मी इथल्याच एका शाळेत मदतनीस शिक्षिका झाले. शिरीष पार्ट्यांमध्ये कौतुकाने सांगतो. घरी आम्ही किराणा, शाळेच्या वेळा, कार सर्व्हिसिंग असं बोलतो. भांडण नाही. पण काही मनात आलं की मी आधी मनातच विचारते, हे कुणाला ऐकवलं जाईल का? घरात राहून असं विचारावं लागणं म्हणजे काय, ते माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायकांना समजेल.

मागच्या आठवड्यात मुक्ता ओट्याशी येऊन उभी राहिली. अकरा वर्षांची झालीय, मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्या दिवशी मात्र तुटक्या मराठीत म्हणाली, "आई, एक सांगू? बाबाला नाही सांगायचं. कोणालाच नाही." मी गॅस बंद केला. ती बोलत होती तोवर मध्ये एक शब्द बोलले नाही. संपल्यावर तिने विचारलं, "प्रॉमिस?" मी म्हटलं, "प्रॉमिस."

ती काय म्हणाली, ते मी इथेही लिहिणार नाही. तिला या देशात एक घर आहे, एवढं तुम्हाला कळलं तरी पुरे.