तलवारीसाठी नळी

जळगावातल्या पाइपच्या दुकानात मी त्या बाईंना एकदाच पाहिलं. उजेड पडणारी खेळण्यातली तलवार घरीच करायची म्हणून त्या पात्यासाठी नळी निवडत होत्या. नळीच्या तोंडाशी मोबाईलचा टॉर्च धरायचा, वर पदर ओढायचा आणि उजेड कुठवर पोचतो ते वाकून बघायचं.

"अक्का, ही आरपार दिसणारी न्या. झगमग करेल," दुकानदार म्हणाला.

बाईंनी ती काउंटरवर सणकन आपटली. तडा गेला.

"अक्का, लढाई शे का हाई?"

"शे तर! गल्लीनी पोरं खेळमा मनी पोरगीले राणी करतस आनि वट्टावर बसाडी ठेवतस. तलवार पहिल्याच वारमा फुटनी, तर ती परत वट्टावर."

खेळातही यांच्या मुलीने ओट्यावर बसूनच राहायचं, हा नियम कुणाचा? मला संताप आला. बाईंना संतापायला सवड नव्हती. त्यांनी दुधी रंगाची जाड नळी उचलली. तिच्यात उजेड मंद होता, पण टोकापर्यंत सारखा पसरत होता. तीही त्यांनी आपटली. काउंटर दणाणला, नळी शाबूत राहिली.

मग भरल्या दुकानात त्यांनी ती हवेत गरकन फिरवली, आणि आम्ही सगळे पुरुष मुकाट्याने मागे सरलो.