लवंगीचं कार्ड

एक्केचाळीस वर्षांच्या बाईला कोणी ‘बाळ, घरून मोठ्या माणसाला पाठव’ म्हणालं, तर शेजारी उभ्या असलेल्याने काय करायचं? मी भांडलो. डोक्यात तिडीक गेली की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, हे आमच्या टोळीत सगळ्यांना ठाऊक आहे. बायको तर म्हणते, तुम्हाला भांडायला माणूसही लागत नाही, नुसती खुर्ची पुरते. पण त्या संध्याकाळी मी भांडलो ते सोळा आणे बरोबर होतं, निदान दुकानासमोर उभा होतो तोवर तरी मला तसंच वाटत होतं.

आमची टोळी सात माणसांची. कारखान्यांतले बॉयलर देखभालीसाठी बंद झाले की आम्हाला बोलावणं येतं. आत चढलेली खपली खरवडायची, नळ्या तपासायच्या, गळती असेल तिथे वेल्डिंग करायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. वर्षातले आठ महिने आम्ही परक्या गावात, लॉजच्या खोल्यांमध्ये, दुसऱ्यांच्या उशांवर डोकं ठेवून काढतो.

लवंगी या टोळीत आली ती तेविसाव्या वर्षी, आणि आली ती कामगार म्हणून नव्हेच. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात ती खोकी चिकटवत होती. बॉयलरच्या आत, दोन नळ्यांच्या रांगांमध्ये, आमच्यापैकी एका शहाण्याने पाना पाडला. कोणाचा हात पोचेना, कोणाचे खांदे शिरेनात. पाना आत ठेवून बॉयलर पेटवता येत नाही. सगळे एकमेकांना दोष देत असताना मागून आवाज आला, “मी जाऊ का?” माझ्या छातीपर्यंतही न पोचणारी ही पोरगी दहा मिनिटांत पाना घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “आत एक नळी ओली आहे, तुम्हाला माहीत आहे ना?” आम्हाला माहीत नव्हतं. टोळीचे प्रमुख म्हणजे जुने मिस्त्री, त्यांनी तिला त्याच दिवशी मागून घेतलं.

पुढे ती असं काही शिकली की आम्ही बघत राहिलो. नळीच्या मागच्या बाजूला गळती असेल तर तिथे नजर पोचत नाही. मग समोर छोटा आरसा लावायचा आणि आरशात बघून वेल्डिंग करायचं. उजवं डावं होतं, हात उलटा चालवावा लागतो. मला ते जन्मात जमलं नाही. लवंगी आडवी पडून, मानेखाली हातमोजा ठेवून, तासन् तास ते करते. नवरा लवकर गेला, मुलगी तिने याच कामावर वाढवली. मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि आईपेक्षा वीतभर उंच. दोघी कुठे गेल्या की लोक मुलीला विचारतात, “ही धाकटी का?” मुलगी म्हणते, “हो, फार हट्टी आहे.”

लवंगी हसते. ती नेहमीच हसते, आणि याचाच मला राग यायचा. लॉजवाला तिला खोली देताना आमच्याकडे संशयाने बघतो, बँकेतला माणूस ‘आईची सही आण’ म्हणतो, बसचा कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. ही गळ्यातली प्लास्टिकची पिशवी उघडते, ओळखपत्र काढून पुढे धरते आणि समोरच्याची चूक झाली म्हणून उलट त्यालाच बरं वाटेल असं काहीतरी बोलते. लोक रुमाल बाळगतात तशी ती कार्ड बाळगायची. कोपरे झिजले होते, फोटोतला अर्धा कान पुसला होता. मी म्हणायचो, “अगं, एकदा तरी चिड!” ती म्हणायची, “काका, तुम्ही आहात ना चिडायला.”

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं या रीतीवरच अवलंबून आहे. बॉयलरमध्ये शिरायचं ते एका गोल झरोक्यातून. त्याला आम्ही तोंड म्हणतो. तोंडावर एक माणूस बसतो, तो मी. आत जाणारा खिसे रिकामे करतो आणि स्वतःचं ओळखपत्र माझ्या हातात देतो. ते मी शेजारच्या फळ्यावर खिळ्याला अडकवतो. फळ्यावर कार्ड असेल तर माणूस आत आहे. तो बाहेर आला की कार्ड मी त्याच्या हातात परत द्यायचं. पूर्वी पत्र्याचे बिल्ले होते, ते हरवायचे, अदलाबदल व्हायचे. जुने मिस्त्री म्हणाले, खरं ओळखपत्रच ठेवा, ते कोणी विसरत नाही. शेवटी फळा रिकामा आहे हे डोळ्यांनी बघायचं, वहीत ‘सगळे बाहेर’ असं लिहून सही करायची आणि आत हवा सोडणारा पंखा बंद करायचा. अठरा वर्षं मी हे काम करत होतो.

त्या गावातलं काम तिसऱ्या दिवसावर होतं. दुपारी जुने मिस्त्री माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता, डॉक्टरांनी आता थांबा म्हटलं होतं. “उद्या सकाळच्या गाडीने मी घरी जातो,” ते म्हणाले, “टोळी लवंगीकडे देतोय. तुला काय वाटतं?”

मला काय वाटणार! मला तिथेच नाचावंसं वाटलं. लवंगी आतच होती. ती तोंडातून डोकं बाहेर काढते न काढते तोच मी तिला बातमी दिली, पाठीवर थाप मारली, थरमॉसमधला उरलेला चहा तिच्या हातात दिला. बाकीचे गोळा झाले. कोणी हात मिळवला, कोणी टाळ्या वाजवल्या. लांब्या मात्र बाजूला उभा राहून केबल गुंडाळत राहिला. लांब्या म्हणजे आमचा दुसरा वेल्डर, सहा फूट दोन इंच. मिस्त्रीपण आपल्याकडे येणार असं त्याने धरूनच ठेवलं होतं. “अभिनंदन,” तो म्हणाला, पण केबलकडे बघून.

टोळीचा एक जुना शिरस्ता आहे. नवा मिस्त्री झाला की त्याच संध्याकाळी त्याने स्वतः दुकानात जायचं, स्वतःच्या हाताने बाटली आणायची आणि सगळ्यांना स्वतः ओतायची. स्वतः प्यायलाच पाहिजे असं नाही. लवंगी पीतही नाही. पण बाटली दुसऱ्याने आणली की त्या मिस्त्रीला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतात. आमच्यात एक होऊन गेला, त्याची बाटली मेव्हण्याने आणली होती. सेवानिवृत्त होईपर्यंत त्याला सगळे ‘मेव्हणे’ म्हणत. लांब्यासारखा माणूस तर अशी संधी सोडणारच नव्हता.

म्हणून हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून, लवंगी आणि मी साडेपाचला दुकानाकडे निघालो. दुकान कारखान्यापासून वीस मिनिटांवर, बसथांब्यासमोर. काउंटर उंच, त्यावर लोखंडी जाळी, जाळीमागे तिशीतला एक माणूस फोनवर मॅच बघत होता.

“एक रम द्या, मोठी,” लवंगी म्हणाली.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टाचा उंचावून खाली. “कोण बोललं?”

“मी.”

“तुझं वय किती?”

“एक्केचाळीस.”

तो हसला. फोन बाजूला ठेवून पोटभर हसला. “आणि मी नव्वद! बाळ, कार्ड असेल तर दाखव. नाहीतर घरून मोठ्या माणसाला पाठव.”

लवंगीचा हात गळ्याकडे गेला. तिने पिशवी उघडली, परत बंद केली, परत उघडली. कार्ड नव्हतं.

“नाही ना?” तो म्हणाला. “मग चल, रांग अडवू नकोस.”

आमच्या मागे एक जण उभा होता. ओठांवर मिसरूड नावाला, पाठीला कॉलेजची असावी अशी पिशवी. त्याने हात पुढे केला आणि दुकानदाराने त्याला दोन बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. वय नाही, कार्ड नाही, काही नाही. उंच होता ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“याचं कार्ड का नाही बघितलंस?” मी जाळीवर हात आपटला. “नियम आहे तर सगळ्यांना लाव. का फूटपट्टीने मोजून वय ठरवतोस? ही बाई बॉयलरच्या पोटात शिरून वेल्डिंग करते, कळलं? तुझ्या वयाची होती तेव्हापासून आम्ही सहा जण हिच्या कामावर विसंबून निर्धास्त झोपतो!”

“काका, आवाज कमी. तुम्हीच घ्या ना, तुम्हाला देतो की.”

“मी कशाला घेऊ? मला नकोय! मिस्त्री ती आहे!”

“मिस्त्री?” त्याने पुन्हा खाली बघितलं आणि पुन्हा हसला.

मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या दुकानाच्या परवान्यापासून त्याच्या शिक्षणापर्यंत मी सगळं काढलं. बसथांब्यावरचे लोक बघायला आले. अठरा वर्षांत लॉजवाल्यांनी, बँकवाल्यांनी, कंडक्टरांनी तिचा जो जो पाणउतारा केला होता त्या सगळ्याचा हिशेब मी त्या एका माणसाकडून चुकता करत होतो. आणि खरं सांगतो, मला त्यात मजा येत होती. कोणाची तरी बाजू घेऊन भांडताना माणसाला स्वतःबद्दल फार चांगलं वाटतं.

लवंगी माझी बाही ओढत होती. मी तिचा हात दोनदा झटकला. तिसऱ्यांदा तिने बाही सोडली नाही.

“काका, माझं कार्ड कुठे आहे?”

“ते मला काय विचारतेस? या गाढवाला विचार की कार्ड फक्त...”

“काका. तुम्ही मला ते परत दिलंच नाहीत.”

मी दुपार आठवून बघितली. थाप, चहा, टाळ्या, मग वही. वहीत मी ‘सगळे बाहेर’ असं लिहिलं होतं, सही केली होती, पंखा बंद केला होता. फळ्याकडे मी बघितलं होतं का? आठवेना. म्हणजे बघितलं नव्हतं.

लवंगी चालायलाच लागली होती. चालता चालता तिने लांब्याला फोन लावला, कारण तो केबल आवरायला मागे थांबला होता. फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग ती पळायला लागली. त्रेसष्ट वर्षांचा मी तिच्या मागे धापा टाकत पळत होतो आणि मनाला समजावत होतो की असेल, अंघोळीला गेला असेल.

बॉयलर खात्यात कारखान्याचा पहारेकरी तोंडाशी वाकून आत बॅटरी मारत होता. खाली पायरीवर लांब्याचा फोन पडला होता. फळ्यावर दोन कार्डं होती. एक लवंगीचं, झिजक्या कोपऱ्यांचं. दुसरं लांब्याचं.

“त्याने हे कार्ड बघितलं,” पहारेकरी म्हणाला, “आणि ‘ती परत आत गेलीय’ असं ओरडत शिरला. पंधरा मिनिटं झाली. आधी हाका मारत होता. आता आवाज येत नाही.”

पंखा बंद होता. मीच केला होता. आत दिवसभर वेल्डिंग झालेलं, त्या धुरात माणूस किती वेळ शुद्धीवर राहील हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

“पंखा!” लवंगी ओरडली. मी खटका दाबला. ती तोंडाला तोंड लावून ओरडली, “लांब्या! मी बाहेर आहे! ऐकतोयस का? मी बाहेर आहे! आहेस तिथून मागे सरक!”

काही नाही. नुसता पंख्याचा घरघराट. ती आत शिरायला वाकली तेवढ्यात आतून खरडल्याचा आवाज आला. मग शिवी. तशी शिवी ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

“उजवा खांदा खाली घे,” ती म्हणाली. “घाई करू नकोस. आता डावा पाय. थांब. श्वास घे. आता ये.”

ती सांगत गेली आणि सहा फूट दोन इंचांचा तो माणूस तसतसा सरकत आला. जिथे त्याने कधी डोकंही घातलं नव्हतं अशा नळ्यांमधून. बाहेर आला तेव्हा दोन्ही कोपरं सोलली होती, ओठ काळेनिळे पडले होते. जमिनीवर बसून तो बराच वेळ खोकला. मग लवंगीकडे बघत म्हणाला, “शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. फळ्यावर तुझं कार्ड दिसलं, मला वाटलं, मिस्त्री झालीस म्हणून शेवटचं बघायला तू परत आत शिरलीस आणि तिथे अडकलीस.” आणि चक्क रडायला लागला.

लवंगीने त्याला पाणी पाजलं, त्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं, आपलं पिशवीत घातलं. मग माझ्याकडे वळली.

“काका, उद्यापासून तोंडावर तुम्ही बसायचं नाही.”

“अगं, एकदा चूक झाली! अठरा वर्षं बसतोय मी इथे! आणि तू तरी कार्ड मागितलंस का?”

“नाही मागितलं. विसरले, ती माझी चूक. पण फळा तुमच्याकडे होता. आज कार्ड राहिलं आणि माणूस बाहेर होता. उद्या कार्ड देऊन टाकाल आणि माणूस आत असेल.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ती हसत नव्हती. “माझ्यासाठी जगाशी भांडू नका, काका. मला आत सोडून बाहेर बसता ना, तेव्हा तेवढं नीट बघत जा.”

बाटली त्या दिवशी आली नाही. कोणी विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडावर दुसरा माणूस बसला आणि मी खाली सिलिंडर हलवत होतो, ते आजही हलवतो.

दुकानदार चुकला होता, हे मी अजूनही कोणालाही ठणकावून सांगेन. पण त्या संध्याकाळी माणूस मरायची वेळ आली होती, ती त्याच्यामुळे नव्हे.