रविवारचे डबे बंद

आमच्या चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं चालू. जालन्याकडून आम्ही महाळुंग्याला आलो तेव्हा मला याचं नवल वाटलं होतं. आम्ही कॅथलिक, आणि देवाचा वार इथे कंपनीच्या नावावर!

माझी खानावळ आहे. वायरिंगच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या झारखंडच्या पोरींचे डबे माझ्याकडून जातात. त्याही कॅथलिकच. गुरुवारी माझ्या ओट्यावर लसूण सोलत बसतात आणि त्यांच्या बोलीत चर्चची गाणी म्हणतात. इतकं गोड गातात की माझी फोडणी करपते. पण इथे आल्यापासून त्यांना रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मिळाली नव्हती. विचारलं की ठेकेदार म्हणायचा, "गुरुवारी जा की. देव तोच आहे."

मी आमच्या चर्चच्या फादरना सांगितलं. एका गुरुवारी ते खानावळीत आले, पोरींच्या शेजारी बसले, म्हणाले, "बाळाला घेऊन मरिया आणि योसेफ इजिप्तला पळाले, तेव्हा तेही परकेच होते. तिथे कुणीतरी त्यांना जागा दिलीच असेल. पोटासाठी गाव सोडायचा माणसाला हक्क आहे, असं ख्रिस्तसभा सांगते. आणि गाव न सोडता पोट भरायचा हक्क त्याच्याही आधीचा."

हे शेवटचं मला लागलं. आमची विहीर आटली तेव्हा असं कुणी बोललं नव्हतं. मी तिथेच भडकले.

"आम्ही आलो तेव्हा हे प्रवचन कुठं होतं, फादर? आम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचो. बायका यायच्या, 'तुम्ही कुठल्या?' विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच पुढे जायच्या."

"तेव्हा मी इथे नव्हतो, ताई," फादर म्हणाले. "पण राग जपून ठेवा. कामाला येईल."

आला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार डबे न्यायला आला, तेव्हा मी म्हटलं, "या रविवारपासून रविवारचे डबे बंद."

"अहो मावशी, पोरी उपाशी राहतील!"

"पोरी चर्चला जाणार आहेत. बाकीच्या कामगारांसाठी तू रांध."

"सगळ्या एकदम सोडल्या तर कंपनी मला हाकलून देईल."

"मग तू झारखंडला जा. या पोरी तुला खोली बघून देतील."

तो हसला. मी हसले नाही. चहा निवेपर्यंत घासाघीस चालली. शेवटी ठरलं, अर्ध्या पोरी एका रविवारी, उरलेल्या पुढच्या रविवारी, आणि ज्या जातील त्या बदल्यात गुरुवारी, कंपनी बंद असताना, साफसफाईच्या कामावर. पोरींना विचारलं तर त्या नाचायलाच लागल्या. मी मागितले होते सगळे रविवार. अर्धे मागितले असते तर नुसता नाताळ पदरात पडला असता.

पहिल्या रविवारी मी त्यांना घेऊन कासारवाडीकडच्या आमच्या चर्चमध्ये गेले. पोरी बुजून मागच्या बाकाकडे वळल्या. मी त्यांना हाताला धरून पुढच्या बाकाकडे नेलं. वर्षानुवर्षं तिथेच बसणाऱ्या एका बाईंनी मान वळवून विचारलं, "या कुठल्या?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"महाळुंग्याच्या," मी म्हटलं. "सरका थोडं."

बाई सरकल्या. गाणं सुरू झालं, आणि पोरींचा आवाज ऐकून त्यांनी आपलं गाण्याचं पुस्तक मधे धरलं, सगळ्यांना दिसेल असं.