आईचं पंतप्रधानपद

आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आली, आणि आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने मला ऑफिसात फोन करून सांगितलं की आपल्या शेजारी पंतप्रधान राहतात.

मी मीटिंग म्यूट केली. म्हटलं, "कोण राहतं?"

"पंतप्रधान. म्हणजे माजी. संध्याकाळी चहाला बोलावलंय. घरातलं आलं संपलं, येताना घेऊन ये."

शेजारी एक नर्स राहायची, पश्चिम आफ्रिकेतली. तिची माझी ओळख पार्किंगमध्ये मान हलवण्यापुरती. तिचे वडील सकाळी कॉम्प्लेक्सच्या तळ्याभोवती फिरताना दिसायचे. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी त्यांना रिटायर्ड बँक मॅनेजर ठरवून टाकलं होतं. आई मात्र त्यांच्यासोबत दोन सकाळी चालली आणि सगळा इतिहास काढून आली.

ते खरंच पंतप्रधान होते. मी चहा गाळेपर्यंत फोनवर शोधलं. त्यांच्या देशाच्या पानावर त्यांचा फोटो होता, छातीवर मानाचा पट्टा, मागे झेंडा. आणि तोच माणूस माझ्या सोफ्यावर बसून आईच्या हातच्या सांबारवड्या, म्हणजे आमच्या नागपूरकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, खात होता. मला इतकं हसू यायला लागलं की मी कप घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात गेले.

आईने नागपूरच्या शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं होतं. पंतप्रधानाची निवड, अधिकार आणि कार्ये, हा धडा तिने किती पिढ्यांकडून घोकून घेतला असेल कोण जाणे. आता खुद्द धडाच घरी आला होता. ती शाळेतल्या इंग्रजीत बोलायची, ते फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत, दोघंही सावकाश, त्यामुळे एकही शब्द वाया जायचा नाही.

"भाऊ, तुमच्या लोकसभेत बहुमत कोणाचं होतं?" आईने विचारलं. दोन सकाळींतच ते तिचे भाऊ झाले होते.

"राष्ट्राध्यक्षांचं."

"मग तुमचं?"

"ते जोवर माझ्यावर खूश होते तोवर माझंही."

"पण तुम्हाला निवडून कोणी दिलं?"

"एका माणसाने," ते म्हणाले आणि वडी चटणीत बुडवली.

आईने कप खाली ठेवला. मग त्यांनी तिला नीट समजावलं. त्यांच्या प्रजासत्ताकात लोक राष्ट्राध्यक्ष निवडतात. राष्ट्राध्यक्ष महालात राहतो, सैन्य त्याचं, परदेश दौरे त्याचे, नव्या पुलाची फीत तो कापतो. आणि तो एक पंतप्रधान नेमतो. मंत्र्यांना एका टेबलाशी बसवायचं, संसदेत उत्तरं द्यायची, शिक्षक संपावर गेले की त्यांच्याशी बोलायचं, राजधानीत वीज गेली की लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम.

"म्हणजे आमच्या राष्ट्रपतींच्या अगदी उलट," आई म्हणाली. "आमच्याकडे सही करणारे ते आणि राज्य करणारा पंतप्रधान."

"मादाम, मी तुमच्याकडे जन्म घ्यायला हवा होता."

त्यांना पदावरून काढलं ती गोष्टही त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितली. न्हाव्याकडे बसले होते. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर साबण. तेवढ्यात रेडिओवर बातमी आली की राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानांचा राजीनामा स्वीकारला आहे. त्यांनी तो दिलाच नव्हता. न्हावी वस्तरा हातात धरून उभाच राहिला. "मी त्याला म्हटलं, बाबा रे, दुसरा गाल पूर्ण कर, या गालाचा सरकारशी संबंध नाही." हे सांगताना ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने पाठीवर थापट्या मारल्या. मी मनात म्हटलं, ही बाई एका पंतप्रधानाच्या पाठीवर थापट्या मारते आहे, आणि परत स्वयंपाकघरात पळाले.

एप्रिलात आमच्या मंडळींचा जयंतीचा कार्यक्रम असतो, ज्यांनी आपलं संविधान लिहिलं त्यांचा. अटलांटाच्या आसपासची पन्नासेक कुटुंबं येतात. त्या वर्षी आमच्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस मिळालं होतं. आमचे अध्यक्षकाका मूळचे नाशिकचे, अतिशय प्रेमळ, भाषण उत्तम करतात, पण खुर्च्या कोण लावणार हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. कार्यक्रमाआधीच्या बैठकीत ते आईला म्हणाले, "ताई, तुम्ही इथेच राहता, तर जरा सगळं बघून घ्याल ना?"

आई घरी आली ती थेट शेजारी गेली. "भाऊ, माझी नेमणूक झाली."

भाऊ गंभीर झाले. मंत्रिमंडळ आधी बनवा म्हणाले. मग आमच्या डायनिंग टेबलाशी पुढचे काही दिवस जे काय चाललं ते पाहून मी ऑफिसची कामं विसरले. मला जेवणखातं मिळालं. सनीव्हेलहून फक्त वीकेंडला आलेल्या माझ्या भावाला परिवहन, म्हणजे पार्किंग. नर्सबाईंकडे आरोग्य. एका ग्रॅड स्टुडंट मुलीकडे माइक. भाऊ आईच्या उजवीकडे बसून हळूच सांगायचे, "अर्थखातं कोणालाच देऊ नका, स्वतःकडे ठेवा." आई मान डोलवायची. भाऊ आणि आई इतके रंगले होते की माझा भाऊ म्हणाला, "यार, यांना खरंच एखादा देश द्यायला पाहिजे."

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं झक्क होतं. पाइनच्या पिवळ्या परागांनी माखलेल्या गाड्या माझ्या भावाने रांगेत लावल्या. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे वडाभाताचे ॲल्युमिनियमचे ट्रे. माजी पंतप्रधान पहिल्या रांगेत, सुटात. वंदनेसाठी सगळे उभे राहिले. अध्यक्षकाकांनी मेणबत्त्या लावल्या, मग उत्साहाच्या भरात अगरबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवला. टेबल नेमकं स्मोक डिटेक्टरखाली होतं.

अलार्म असा काही कोकलला की लहान मुलं आनंदाने किंचाळत बाहेर पळाली. आम्हीही पळालो. पाच-सात मिनिटांत आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवर उभे, आणि समोरून लाल फायर ट्रक दिवे फिरवत येतोय. एक मुलगी दुसरीला म्हणाली, "धिस इज द बेस्ट जयंती एव्हर." मला हसू आवरेना. मी नर्सबाईंच्या खांद्याला धरून उभी होते आणि त्याही हसत होत्या.

फायरमन आत जाऊन आले. आग नाही म्हणाले, अलार्म बंद केला. त्यांच्यामागून कॉम्प्लेक्सच्या मॅनेजर बाई आल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. "इथे इन्चार्ज कोण आहे?"

अध्यक्षकाकांनी अगरबत्तीची काडी पाठीमागे लपवली आणि अगदी सहज, काही वाईट मनात न ठेवता, आईकडे पाहिलं.

आईने पदर सारखा केला, पुढे झाली. "मॅडम, आय ॲम द प्राइम मिनिस्टर. द रिस्पॉन्सिबिलिटी इज माइन. आय रिझाइन."

मागून टाळ्या वाजल्या. सुटातले भाऊ टाळ्या वाजवत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. मग मंडळींनीही वाजवल्या. फायरमनना काही कळलं नाही पण त्यांनीही वाजवल्या. मॅनेजर बाई आईकडे, मग भाऊंकडे, मग ट्रककडे बघत राहिल्या. शेवटी त्यांचं तोंड वाकडंतिकडं व्हायला लागलं आणि त्या वळून जोरात हसल्या. पुन्हा अगरबत्ती नको, एवढीच अट घातली त्यांनी.

कार्यक्रम हिरवळीवरच झाला. अध्यक्षकाकांनी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं, "पुडा मी पेटवला होता, ताईंचा काही दोष नाही." त्यांचं भाषण त्या दिवशी नेहमीपेक्षा आखूड आणि नेहमीपेक्षा चांगलं झालं. फायरमननी वडाभात कागदी बशांतून नेला. मॅनेजर बाईंनी बसून खाल्ला आणि कशात काय घातलं ते मला विचारलं.

सगळे पांगल्यावर आई क्लबहाउसमध्ये येऊन खुर्चीत बसली. पाय पुढे पसरले. "सुटले बाई. आता मी साधी नागरिक."

"नाही मादाम," भाऊ कोट काढून खुर्चीवर टांगत म्हणाले. "राजीनामा दिला तरी दुसरा पंतप्रधान मिळेपर्यंत जुन्यालाच कारभार बघावा लागतो. आमच्याकडे तसंच आहे. तुमच्याकडे?"

आईने आठवलं. "आमच्याकडेही. काळजीवाहू म्हणतात."

ती हात टेकून उठली, झाडू घेतला. भाऊंनी बाह्या दुमडल्या आणि केरभरणी धरली. मी ट्रे उचलत होते. ती दोघं खोलीच्या एका टोकापासून सुरू झाली होती आणि दोन्ही देशांत काळजीवाहू सरकारला नवी धोरणं ठरवता येतात का, यावर वाद घालत माझ्या दिशेने येत होती. आईच्या मते येत नाहीत. भाऊंच्या मते कोणी बघत नसेल तर येतात.